शेवटचा हात कोणाचा?

मी एक जुना, टेबलाखाली बसून सगळे ऐकून घेणारा घरगुती संगणक आहे. मित्रांनो, माझा जन्म, माझे कष्ट, माझी उपेक्षा हे सगळे सांगतोच, पण आधी एक गोष्ट कानात घालून ठेवा. मी बिघडलो नव्हतो. मागच्या गुरुवारपासून शनिवारपर्यंत या घरात माझ्या नावाने जी बोंबाबोंब झाली, तिच्यात माझा काडीचाही दोष नव्हता. कोणी मला विचारले असते तर सांगितले असते. पण मला विचारायचे तर आधी मला सुरू करावे लागते, आणि तिथेच सगळे अडले होते.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. एका खोक्यातून पंखा आला, दुसऱ्यातून मदरबोर्ड, तिसऱ्यातून हार्ड डिस्क. मला जुळवणारा कारागीर ओठांत स्क्रू धरून बोलायचा, त्यामुळे त्याचे निम्मे बोलणे गिऱ्हाइकांना कळत नसे. शेवटी त्याने माझ्या पाठीत वीज घेणारा डबा बसवला. त्या डब्याला वायर खुपसायची एक खोबण आहे आणि खोबणीशेजारी नखाएवढे काळे बटण आहे. बटणाच्या एका टोकाला रेघ आणि दुसऱ्या टोकाला गोल. कारागिराने ते रेघेच्या बाजूला दाबले आणि मला न्यायला आलेल्या बाबांना म्हणाला, "याला हात लावायची गरज नाही." बाबांनी मान डोलावली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत ते विसरूनही गेले. तुम्ही मात्र हे बटण लक्षात ठेवा.

बाबा म्हणजे या घरातले कर्ते. ते नळजोडणीचे काम करतात. आई रुग्णालयात परिचारिका आहे. बाबांचे वडील, म्हणजे आजोबा, एका पायाने किंचित लंगडतात आणि भिंतीला हात लावत चालतात. आणि एकुलती एक मुलगी, जिला दिसेल त्या कागदावर रेघा ओढायच्या सवयीमुळे सगळे 'रेघोटी' म्हणतात. आता ती चांगली मोठी झाली आहे, पण नाव काही पुसले गेले नाही.

मी आलो तेव्हा माझा काय थाट होता! मला शिवलेले कापडी कव्हर होते. माझ्यासमोर पाणी प्यायला बंदी होती. शेजारचे काका रोज संध्याकाळी यायचे आणि माउस हातात धरून नुसते इकडून तिकडे फिरवायचे. "काय गुळगुळीत चालतो हो," असे म्हणायचे. मी तेव्हा तरुण होतो, हुरळून जायचो.

मग प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि माझे कव्हर धुवायला म्हणून गेले ते पायपुसणे होऊन परत आले. माझ्या डोक्यावर जुनी मासिके आली, इस्त्रीला द्यायचे कपडे आले, एकदा तर भिजलेली छत्री आली. या घरात माझी विचारपूस करणारी एकच व्यक्ती उरली होती, ती म्हणजे रेघोटी.

रेघोटीने माझ्या मदतीने चित्रपट काढायला घेतला होता. छोटासाच, पण हाताने काढलेल्या चित्रांचा. एक पाय उचलला की एक चित्र, टेकवला की दुसरे. कित्येक महिने ती माझ्या शेजारी चित्र काढायची डिजिटल पाटी ठेवून काढत होती आणि मी एकेक चित्र पोटात ठेवत होतो. असे चित्रपट शिकवणारी एक संस्था आहे. तिथे प्रवेश हवा असेल तर स्वतःचा चित्रपट पाठवायचा, आणि पाठवायची मुदत होती शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत. गेल्या वर्षी तिचा चित्रपट अपुरा राहिला होता. यंदा तो गेला नाही तर तिला आत्याच्या ओळखीच्या कचेरीत नोकरीला लागायचे होते, तसे तिने स्वतःच बाबांना कबूल केले होते.

आई तिला सांगून सांगून थकली, "पेनड्राइव्हवर टाकून ठेव गं." ती म्हणायची, "संपलं की टाकते." पालथ्या घड्यावर पाणी. म्हणजे सगळा चित्रपट फक्त माझ्याजवळ होता, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा अभिमान वाटत होता.

चित्रपट होता आजोबांवर. घराबाहेर पडायचे असले की सगळे चपला घालून दाराशी उभे राहतात आणि आजोबा फेरीला निघतात. स्वयंपाकघराचा दिवा, न्हाणीघराचा गीझर, मधल्या खोलीचा पंखा, शेवटी माझी खोली. प्रत्येक बटणावर हात, प्रत्येक बटण बंद. ते झाल्याशिवाय कुलूप लागत नाही. बाबा दाराशी किल्ली वाजवत बसतात, पण आजोबांची चाल काही बदलत नाही. तीच चाल रेघोटीने शेकडो चित्रांत पकडली होती. चित्रपटाच्या शेवटी म्हातारा सगळे दिवे घालवतो आणि पडदा काळा होतो.

आता या घराचे खरे दुखणे सांगतो. बाबा कामावर कोणाच्याही घरी गेले की पहिला प्रश्न विचारतात, "शेवटचा हात कोणाचा?" म्हणजे गळका नळ याआधी कोणी उघडला, कशाने आवळला, ते कळले की निम्मे काम होते. कामावर हा प्रश्न शहाणपणाचा आहे. पण बाबा तोच प्रश्न घरी घेऊन आले, आणि घरात तो विचारताना त्यांच्या भुवया वर जातात. खुर्चीचा पाय हलला, शेवटचा हात कोणाचा? कुलूप अडकले, शेवटचा हात कोणाचा? दोन वर्षांपूर्वी मिक्सर जळला तेव्हा शेवटचा हात आजोबांचा निघाला. बाबा फार काही बोलले नाहीत, फक्त "तरीच" म्हणाले. त्यानंतर आजोबांनी मिक्सरला हात लावला नाही. तेव्हापासून या घरात कोणीही कशालाही हात लावलेला नसतो. वस्तू आपापल्या मनाने बिघडतात.

तर झाले असे. गेल्या आठवड्यात माझ्या खोलीत नवे पुस्तकांचे कपाट आले आणि ते नेमके भिंतीवरच्या माझ्या बटणापुढे उभे राहिले. बुधवारी सगळे आत्याकडे मुक्कामाला निघाले. आजोबा फेरी करत माझ्या खोलीत आले. हात सवयीने भिंतीकडे गेला आणि कपाटाला धडकला. ते क्षणभर थबकले. मग हात कपाटावरून खाली आला, टेबलाच्या कडेला, टेबलाखाली, माझ्या पाठीवर. चाचपत चाचपत नखाएवढ्या बटणावर पोहोचला. टक. रेघेकडून गोलाकडे. आजोबा समाधानाने निघून गेले आणि मी गार पडलो.

गुरुवारी संध्याकाळी मंडळी परतली. रेघोटीने पिशवी टाकली आणि माझ्या पुढचे बटण दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. मग धरून ठेवले. मग टकटक टकटक दाबले, लिफ्ट लवकर यावी म्हणून लोक दाबतात तसे. अगं, पुढचे बटण काय दाबतेस, मागे बघ मागे! पण तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

"बाबा, हा सुरूच होत नाहीये."

बाबा आले. त्यांनी माझ्या अंगावर पोचा काढणार असल्यासारखा हात ठेवला आणि म्हणाले, "टाकीत पाणी आहे, नळाला नाही. म्हणजे मधे कुठंतरी तुंबलंय."

मित्रांनो, हे निदान शंभर टक्के बरोबर होते. मधेच अडले होते. मी मनात म्हटले, शाबास, आता पाठ बघा. त्यांनी पाठ बघितलीही. माझ्या पाठीतल्या सगळ्या वायरी एकेक करून उपसल्या, प्रत्येक खोबणीत तोंडाने फुंकर मारली, कपड्याने पुसले आणि वायरी परत बसवल्या. त्यांचा अंगठा त्या काळ्या बटणापासून दोन बोटांवर होता. आणि सगळे बसवून झाल्यावर एक वायर उरली. बाबांनी ती उलटसुलट करून बघितली, दाराकडे एक नजर टाकली, तिची छान गुंडाळी केली आणि पान्या-पकडींच्या आपल्या पिशवीत टाकून दिली. ती माझ्या पडद्याची, म्हणजे मॉनिटरची वायर होती. नळाच्या कामात एखादा वायसर उरला तर माणूस खिशात टाकतो, पण मी नळ आहे का?

शुक्रवारी सकाळी आईने मला तपासले. आईचे काम पद्धतशीर असते. तिने टेबलदिव्याचा प्लग टेबलाखालच्या माझ्याच एक्स्टेंशन बोर्डात लावला, दिवा लागला. "म्हणजे वीज येतीये," ती म्हणाली. मग दुसऱ्या खोलीतली वायर आणून मला लावून बघितली. काही नाही. "म्हणजे वायरही ठीक आहे. आता राहिला हाच." मी श्वास रोखून धरला, म्हणजे पंखा चालू असता तर रोखला असता. आणखी एक पाऊल फक्त! तेवढ्यात रुग्णालयातून फोन आला आणि ती अंबाडा बांधत निघून गेली.

रेघोटीने मला जुळवले त्या दुकानात फोन लावला. तो कारागीर आता तिथे नाही. पलीकडचा माणूस म्हणाला, "मदरबोर्ड गेला."

"अहो, तुम्ही बघितलाही नाही."

"जुना आहे ना? मग तोच जातो. सोमवारी आणून टाका."

"मला उद्या संध्याकाळी लागणार आहे."

"मग नवीन घ्या," असे म्हणून त्याने फोन ठेवला. नव्या यंत्रात तिची चित्रे कुठून येणार होती, हे त्याने काही सांगितले नाही.

मग शेजारचे काका आले. हेच ते माउसवाले. आता ते निवृत्त झाले आहेत आणि दिवसभर फोनवर दुरुस्तीचे व्हिडिओ बघतात. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेल्या माणसापुढे कोणाचेच काही चालत नाही. "रॅम," ते दारातूनच म्हणाले. "डोळे मिटून सांगतो, रॅम." आणि खरोखरच डोळे मिटल्यासारखे त्यांनी माझे झाकण उघडले. रोग रेड्याला आणि इलाज पखालीला. त्यांनी रॅमची पट्टी उपटली, खोडरबराने घासली, फुंकली, चष्मा कपाळावर नेऊन उजेडात धरली आणि परत बसवली. पट्टी नीट बसली की दोन्ही टोकांना कट असा आवाज येतो. एका टोकाला आला, दुसऱ्या टोकाला आला नाही. काकांनी क्षणभर कान दिला, इकडे तिकडे बघितले आणि झाकण लावून टाकले. पुढचे बटण दाबले, अर्थातच काही झाले नाही. "मग मदरबोर्डच," काका म्हणाले आणि चहाला न थांबता गेले. त्यांनी चहाला नकार दिल्याचे मी पहिल्यांदाच पाहिले.

आता बघा. मूळ दुखणे एक, आणि त्यावर उपचारांनी आणलेली दुखणी दोन. मी धडधाकट होतो हो, मला या लोकांनी आजारी पाडले!

संध्याकाळी बाबांनी तो प्रश्न विचारलाच. "शेवटचा हात कोणाचा?"

"मी तर आत्याकडे होते," रेघोटी म्हणाली.

"मी फक्त दिवा लावून बघितला," आई म्हणाली.

"मी तर नुसतं पुसलं," बाबा स्वतःच म्हणाले.

आजोबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांचे ओठ हलल्यासारखे मला वाटले. पण बाबांच्या भुवया अजून वरच होत्या, आणि आजोबा भिंतीला हात लावत वळून गेले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही, बाबांच्या भुवयांचा आला.

शनिवार उजाडला. बाबा कामावर गेले, अर्थात पिशवी घेऊन. रेघोटी माझ्याशेजारी फरशीवर बसली होती. रडत नव्हती, नुसती माझ्या जाळीतली धूळ बोटाने काढत होती. आई दुपारच्या पाळीला निघाली होती. दारातून परत आली आणि म्हणाली, "हे बघ, पेशंट बोलत नसेल तर आम्ही काय करतो? शुद्ध हरपायच्या आधी काय काय झालं ते क्रमाने विचारतो. औषधं नंतर."

"आधी काय झालं? आपण आत्याकडे गेलो, बस."

"त्याच्या आधी," आई म्हणाली आणि बस गाठायला पळाली.

रेघोटी तशीच बसून राहिली. मग हळूच उठली आणि खोलीबाहेर गेली. मला पावले ऐकू आली. आधी स्वयंपाकघरात, मग न्हाणीघराकडे, मग मधल्या खोलीत. ती पावले तिची नव्हती. एक पाय पूर्ण, एक पाय अर्धा, मधे भिंतीवर सरकणारा तळवा. मित्रांनो, महिनोन्महिने ती चाल मी पोटात सांभाळली आहे, मला ओळखू येणार नाही का! ती आजोबांची फेरी चालत होती. तिने ती इतक्या वेळा काढली होती की तिच्या पायांत उतरली होती.

ती माझ्या खोलीत आली. हात भिंतीकडे गेला आणि कपाटाला धडकला. ती थबकली. तिच्या चित्रांत हे कपाट नव्हते. मग तिने डोळे मिटले आणि हाताला जायचे तिथे जाऊ दिले. कपाटावरून खाली, टेबलाची कड, टेबलाखाली, माझी पाठ. बोट काळ्या बटणावर येऊन थांबले.

"हे काय आहे?" ती स्वतःशीच म्हणाली.

"माझा," मागून आवाज आला. आजोबा दारात उभे होते. "शेवटचा हात माझा होता. भिंतीवरचं बटण सापडेना, तिथं हे लागलं हाताला. बंद केलं. त्यानं एवढं होईल असं नव्हतं वाटलं गं. आणि मग सांगायची छातीच झाली नाही. तुझं सगळं काम गेलं ना त्यात?"

रेघोटीने बटण गोलाकडून रेघेकडे दाबले, मग पुढचे बटण दाबले, आणि माझा पंखा फिरला. तीन दिवसांनी माझ्यात वारा शिरला. आणि तीन दिवसांनी मला आवाजही आला! रॅम सुटलेली असली की मला फक्त एकच शब्द येतो, तो मी जीव तोडून म्हटला. टूंऽऽ. टूंऽऽ. टूंऽऽ.

"अरे देवा, हा ओरडतोय," आजोबा म्हणाले.

"ओरडू दे, आजोबा. जिवंत तर आहे." तिने त्यांचा हात घट्ट धरला होता. मग ती खिडकीशी गेली आणि तिने हाक मारली, "काका, रागावणार नाही, खरं सांगा. रॅम नीट बसली होती का?"

मग काका चष्म्यासकट आले, निमूटपणे झाकण उघडले आणि पट्टीचे दुसरे टोक दाबले. कट. "एक आवाज कमी आला होता," ते म्हणाले. "म्हटलं, आता कोण विचारतंय."

माझे ओरडणे थांबले. पंखा लागला, डिस्क फिरली, पण पडदा काळाच. रेघोटीने मागे वाकून बघितले. पडद्याला वायरच नव्हती. तिने घड्याळाकडे पाहिले, फोन उचलला आणि बाबांना लावला. बाबा कोणाच्या तरी बेसिनखाली आडवे झालेले होते, पाण्याचा आवाज येत होता.

"बाबा," ती म्हणाली, "शेवटचा हात कोणाचा?"

पाण्याचा आवाज बंद झाला.

"कशावर?"

"पडद्याच्या वायरीवर."

मी तर कान टवकारून बसलो होतो. आजोबा आणि काका एकमेकांकडे बघू लागले.

"माझा," बाबा शेवटी म्हणाले. "पिशवीत आहे. आलोच."

ते आले तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या. त्यांनी वायरीची गुंडाळी रेघोटीच्या हातात दिली आणि आजोबांकडे बघितले. आजोबांनी सरळ सांगून टाकले, "आणि बटण मी बंद केलं होतं." बाबांच्या भुवया सवयीने वर निघाल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. मग ते खाली बसले, आपल्या ओल्या हातांकडे बघत म्हणाले, "मिक्सरच्या वेळी मी तसं बोलायला नको होतं." आजोबा म्हणाले, "तो तसाही आवाज करायचा." आणि विषय संपला.

पडदा उजळला. एकही चित्र हरवले नव्हते, मी एवढा बेजबाबदार नाही. पण सहा वाजायला फार वेळ नव्हता, आणि रेघोटी चित्रे ओवून पाठवायची सोडून शेवटचे चित्र उघडून बसली. मला वाटले, आता हिला काय झाले! तिने तो काळा पडदा पुसून टाकला आणि भराभर काढू लागली. नव्या शेवटात म्हातारा सगळे दिवे घालवत शेवटच्या खोलीपाशी येतो. आत एक मुलगी चित्र काढत बसलेली असते. त्याचा हात बटणाकडे जातो, थांबतो आणि मागे येतो. तो दार हळूच लोटून घेतो. घरभर अंधार, आणि दाराखाली उजेडाची एक रेघ.

आई सोडून सगळे तिच्या मागे उभे राहून बघत होते. आजोबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "माझी मान एवढी वाकडी आहे होय?"

चित्रपट मुदतीच्या आत गेला. निकाल यायचा आहे. पण गेला एवढे खरे, आणि त्याच दिवशी रेघोटीने तो पेनड्राइव्हवरही टाकला, अखेर.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना पुसत जा, आमच्या डोक्यावर ओल्या छत्र्या ठेवू नका, हे तर मी सांगेनच. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात काही बंद पडले तर 'कोणी केले' असे भुवया चढवून विचारू नका. 'काय काय केले' असे विचारा, आणि पहिल्यांदा स्वतःचे सांगा. तीन दिवस मी जो छळ सोसला तो त्या बटणाने केला नव्हता, गप्प बसलेल्या चांगल्या माणसांनी केला होता.

काल मंडळी पुन्हा बाहेर निघाली. सगळे चपला घालून दाराशी उभे राहिले. आजोबा फेरी करत माझ्यापाशी आले, वाकले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि घरभर ऐकू जाईल असे ओरडले, "याचं मागचं बटण बंद करतोय मी. ऐकलं का?"

"ऐकलं," दाराशी बाबा म्हणाले, आई म्हणाली, रेघोटी म्हणाली. भिंतीपलीकडून काकासुद्धा म्हणाले.

टक. मी निर्धास्त मनाने बंद झालो.